मुतारीसमोरची तांबडी रेघ

माझ्याकडे तीस मीटरची पोलादी टेप होती, एवढ्या एकाच कारणासाठी मला त्या समितीत घेतलं. बांधकाम खात्यात मी ओव्हरसिअर होतो, निम्मी नोकरी रस्ते मोजण्यात गेलेली. एरवी माझ्यासारख्या तिरसट माणसाला पेठेत कुणी आरतीलासुद्धा बोलवत नसे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नव्हती. चार माणसं एकत्र बसून मोठ्याने बोलायला लागली की माझं डोकं दुखतं. ते अजूनही दुखतं.

दिल्लीत एशियाड होऊन गेलं होतं. पेपरात धावणाऱ्यांचे फोटो येत होते, आणि जो उठेल तो पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारत होता. त्याच सुमारास आमच्या पेठेतल्या तालमीच्या अध्यक्षांच्या डोक्यात मॅरेथॉन शिरली. त्यामागचं कारण चांगलं होतं, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी जे बोलणार आहे त्यात ते राहून जाईल. गगनबावड्याकडच्या वाड्यांमधून पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागे. त्या भागासाठी एक रुग्णवाहिका घ्यायची आणि तिच्यासाठी ही धर्मादाय मॅरेथॉन, असा बेत होता. कारणाशी माझं भांडण नव्हतं. भांडण होतं ते अध्यक्षांशी.

अध्यक्ष ठेकेदार होते. पांढरी विजार, पांढरा शर्ट, आणि शेजारच्या माणसाशीही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलणं. काहीही सांगा, ते मान हलवून "व्हय, व्हय" म्हणायचे. हा माणूस आपलं ऐकतोय असं वाटून नवखा माणूस खूश व्हायचा. मी मात्र त्यांना खात्याच्या कामावर बरीच वर्षं पाहिलं होतं. त्यांचं "व्हय, व्हय" म्हणजे तुमचं बोलून झालं असेल तर निघा.

पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "ही मॅरेथॉन म्हंजे नेमकी किती असती?"

कुणी म्हणालं वीस मैल, कुणी म्हणालं तीस. "मग गगनबावड्यापातूर पळू द्या की," अध्यक्ष म्हणाले. "रुग्णवाहिका तितलीच हाय."

गगनबावडा पंचावन्न किलोमीटर आहे आणि रस्ता थेट घाटाच्या तोंडाशी जातो, हे मी सांगितलं. मॅरेथॉनचं अंतर बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर, हेही सांगितलं.

"ते वरचं एकशे पंच्याण्णव कशाला? बेचाळीस करा. आकडा कसा बरोबर बसतोय."

"मग तिला मॅरेथॉन म्हणू नका. पळापळी म्हणा," मी म्हणालो.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

शेवटी मार्ग ठरला तो असा. सुरुवात तालमीच्या दारातल्या मारुतीपासून, कारण तिथे नारळ फुटल्याशिवाय पेठेत कुठलंच काम सुरू होत नाही. तिथून फुलेवाडी, बालिंगा, कोपार्डे करत गगनबावडा रस्त्याने कळ्यापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि त्याच रस्त्याने परत येऊन रंकाळ्याच्या काठाला शेवट करायचा. कळ्याला अध्यक्षांचे व्याही राहात होते. वळण नेमकं त्यांच्या दारासमोर कसं आलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. अंतराला ते जवळपास जुळत होतं, म्हणून सोडून दिलं.

नियम लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. लिहायचं म्हटल्यावर बाकी सगळ्यांना एकाएकी घरची कामं आठवली. मी एका बैठकीत तेरा नियम लिहिले. पहाटे उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघतात, त्या चार तास कुठे थांबवायच्या. कुठल्या फाट्यावर पाण्याचं टेबल, तिथे किती घागरी, किती लिंबं. प्रत्येकाच्या छातीवर कापडी क्रमांक, चारी कोपऱ्यांना टाचलेला. डॉक्टर कुठे बसतील. हे सगळं मी लिहिलं, आणि पुढच्या बैठकीत पाचव्या नियमावरून दोन तास भांडण झालं.

पाचव्या नियमात मी लिहिलं होतं, की वाटेत पाणी आणि लिंबू-मीठ-साखर यांखेरीज काहीही देऊ नये. तालमीचे वस्ताद उठून उभे राहिले. "पळणाऱ्या गड्याला पाणी? आजारी हाय व्हय त्यो? म्हशी नेऊन उभ्या करू की फाट्याफाट्यावर. धारोष्ण दूध द्या, बदाम घाला."

धावताना दूध प्यायल्यावर पोटात काय होतं ते मी सांगितलं. वस्तादांनी माझ्या पोटाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खाली बसले. तेवढ्यात कोपार्डेकर मंडळींचा निरोप आला, की प्रत्येक स्पर्धकाला थांबवून फेटा बांधायचा आणि हातात नारळ द्यायचा असं गावाने ठरवलंय. शर्यत चालू असताना! पाहुणा दारावरून जातो आणि त्याला तसाच जाऊ द्यायचा, हे त्यांच्या डोक्यात बसेना. मी सहाव्या नियमात फेट्याविरुद्ध एक वाक्य घातलं.

सातवा नियम माझा लाडका होता. मागच्या वर्षी पेठेत एक लहान शर्यत झाली होती. तिथे पहिल्या आलेल्या गड्याला त्याच्या तालमीच्या पोरांनी रेषेवरूनच खांद्यावर उचललं आणि गुलाल उधळत नेलं. दुसऱ्या तालमीने आपलाही गडी तसाच उचलला. पहिला कोण, ते कुणालाच ठरवता आलं नाही आणि दोन दिवस डोकी फुटत होती. म्हणून मी लिहिलं: अंतिम रेषा ओलांडताच स्पर्धकाने छातीवरचा क्रमांक काढून पंचाच्या हातात द्यावा. क्रमांक पंचाच्या हातात पडला तरच धाव पूर्ण समजली जाईल, अन्यथा स्पर्धक बाद. हे वाक्य लिहून मी घरात दोनदा मोठ्याने वाचलं होतं. बायको म्हणाली, "कोर्टात लागल्यासारखं लिहिता तुम्ही." मला ती स्तुती वाटली.

नियम छापून झाले आणि दोन दिवसांनी एक तरुण माझ्या दारात उभा राहिला. बारीक, काळासावळा, नखांच्या कडांना काळी वाळू बसलेली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो साचे भरायच्या कामावर होता आणि रोज पेठेतून शिरोलीला पळत जायचा, पळत यायचा. हातात माझ्या नियमांचा कागद होता.

"सायेब, ह्यात अंतर छापलंय ते खरं हाय का? म्हंजे, मोजून हाय का?"

माझा पारा चढला. "मी लिहिलंय ते."

"लिव्हलंय ते दिसतंय की. मोजलंय का?"

मोजलं नव्हतं. मैलाच्या दगडांवरून हिशेब केला होता. मी त्याच्याकडे रागाने बघत राहिलो आणि तो जागचा हलला नाही. शेवटी म्हणालो, "रविवारी सकाळी सहाला ये. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो."

तीन रविवार आम्ही तो रस्ता मोजला. शून्याचं टोक त्याच्या हातात, डबी माझ्या हातात. तीस मीटर झाले की खडूची खूण, हजार झाले की दगडावर रंगाचा ठिपका. उसाच्या गाड्या अंगावरून जायच्या, गुऱ्हाळावरची माणसं रस प्यायला हाका मारायची, आणि तो टोक सोडून एकदाही जागचा हलला नाही. माझ्या खात्यातल्या माणसांपेक्षा तो टेप ताठ धरायचा. मला माणसं सहसा आवडत नाहीत. हा आवडला.

दुसऱ्या रविवारी बालिंग्याच्या पुलावर टेकलो असताना त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं एक पत्र काढलं. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखलेल्या जागा होत्या. पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावल्याचं आणि मार्ग मोजलेला असल्याचं संयोजन समितीचं प्रमाणपत्र हवं होतं. वयाची अट पंचवीसची, आणि जूनमध्ये त्याला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती.

"वडील ह्याच कामावर हुते," तो म्हणाला. "वाळू छातीत बसली. आता जिना चढवत न्हाई त्यास्नी. मला बी सकाळी खोकला लागायला लागलाय." मग पत्राची घडी घालत म्हणाला, "ही एकच शर्यत हाय सायेब, जूनच्या आत."

तिसऱ्या रविवारी आम्ही परतीचं अंतर मोजत रंकाळ्याला आलो. टेप शेवटची ताणली आणि बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर जिथे पूर्ण झाले तिथे मान वर करून पाहिलं, तर समोर सार्वजनिक मुतारी. तो त्या तीन रविवारांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. "हितंच आलं बगा," म्हणाला. मीही हसलो असेन. मी डबा उघडून रस्त्यावर तांबड्या ऑइलपेंटची रेघ ओढली, चांगली वीतभर रुंद.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तयारी बघायला गेलो, तर मांडव रेघेवर नव्हताच. अलीकडे, फुलेवाडीच्या बाजूला, झाडांच्या सावलीत उभा होता. झालर, खुर्च्या, कमान, सगळं. मी टेप काढली आणि मोजलं. सहाशे चाळीस मीटर कमी.

अध्यक्ष मांडवातच होते. मी विचारलं, हे काय.

"मग काय, मुतारीम्होरं मांडव घालू? प्रमुख पाहुणं नाकाला रुमाल लावून बक्षीस देतील व्हय?"

"मग मुतारीसमोर नुसती रेषा ठेवा आणि मांडव इथे राहू दे."

"आणि पाहुणं हितं बसून काय झाडं बगतील? शेवट दिसाय नगं? कमान किती खर्चून आणलीया."

मी म्हटलं, सुरुवात मागे घ्या. मारुती मागे घेता येत नाही, असं उत्तर आलं. मग मी शेवटचा मार्ग काढला. कळ्याचं वळण तीनशे वीस मीटर पुढे न्यायचं. जाताना तीनशे वीस, येताना तीनशे वीस, अंतर बरोबर होतं. फक्त वळणाची खूण म्हणून व्याह्यांच्या दारात ठेवलेलं पिंप उचलून पुढच्या आंब्यापाशी ठेवायचं. आज निरोप गेला की झालं.

"व्हय, व्हय," अध्यक्ष म्हणाले. "धाडतो माणूस."

इतक्या वर्षांचा अनुभव, तरी मी त्यावर विश्वास ठेवला. स्वतः मोटरसायकल काढून कळ्याला गेलो असतो तर तासाभराचं काम होतं. पण मी भांडण जिंकलो होतो, आणि जिंकल्यावर मला नेहमी घरी जाऊन चहा प्यावासा वाटतो. जाता जाता त्या तरुणाच्या घरी थांबलो आणि सांगितलं, की मांडव अलीकडे आलाय पण वळण आंब्यापाशी नेलंय, अंतर पूर्ण आहे. "तुमी म्हणताय म्हंजे हाय," तो म्हणाला.

सकाळी साडेसहाला नारळ फुटला. साठेक माणसं धावायला होती. निम्मी तालमीची, मांड्या मोठ्या, दम छोटा. मी मांडवात घड्याळ गळ्यात घालून बसलो. मी शेवटच्या रेषेचा मुख्य पंच होतो, मदतीला आणखी एक पंच होता. रुग्णवाहिकेचं भलं मोठं चित्र मागे लावलं होतं, आणि त्यात चाकांपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता.

आठच्या सुमारास जीपवाला बातमी घेऊन आला. वस्तादांनी पाचवा नियम धाब्यावर बसवून बालिंग्याला दोन म्हशी उभ्या केल्या होत्या, आणि तालमीचे चार गडी बांधावर बसून ओकत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी सहज विचारलं, "आंब्यापाशी गर्दी आहे का?"

"कसला आंबा? पिंप व्याह्यांच्या दारात हाय की. बँड लावलाय तितं."

माणूस धाडलाच नव्हता. मी उठून अध्यक्षांकडे गेलो. ते प्रमुख पाहुण्यांच्या कानाशी लागले होते. "आवो, व्याह्यांनी रांगोळी काढलीया दारात," ते म्हणाले. "त्येंच्या दारावरनं तसंच म्होरं पळत गेलं तर कसं दिसंल?" आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळले. मी पाय आपटत माझ्या जागेवर परत आलो.

नंतर कळलं ते असं. तो तरुण कळ्याला पहिला पोचला. पिंपाजवळ न वळता सरळ आंब्याकडे निघाला. तिथल्या चार-पाच जणांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "ओ पावणं, हितनं वळायचं!" तो सांगत होता, त्यांना बँडमुळे ऐकू येत नव्हतं. दुसरा धावणारा मागून येताना दिसला तसा तो वळला.

सव्वानऊला तो फुलेवाडीच्या बाजूने दिसला. एकटाच, मागे चिटपाखरू नाही. मांडवात हलगी सुरू झाली. प्रमुख पाहुणे हार घेऊन कमानीखाली उभे राहिले, अध्यक्ष त्यांच्या शेजारी, फोटोवाला गुडघ्यावर. तो आला, कमानीखालून गेला, हाराच्या बाजूने गेला आणि पुढे धावतच राहिला.

हलगी थांबली. "आरं थांब की! झाली शर्यत!" अध्यक्ष ओरडले. मला एका क्षणात समजलं तो कुठे चाललाय. मांडवाच्या खांबाला कुणाचीतरी सायकल टेकली होती, ती घेतली आणि त्याच्या मागे सुटलो.

मुतारीपाशी मी त्याच्या जरा आधी पोचलो. तांबड्या रेघेवर उभा राहिलो. तो आला, त्याचा पाय रेघेवर पडला आणि मी घड्याळ दाबलं. दोन तास सत्तेचाळीस मिनिटं बत्तीस सेकंद. तिथे आम्ही दोघं, आणि मुतारीतून बाहेर येऊन बघत राहिलेला एक म्हातारा. त्या तरुणाने छातीवरच्या चारी टाचण्या काढल्या आणि तो कापडी क्रमांक माझ्या हातात दिला. सतरा नंबर, घामाने चिंब. मी तो पँटच्या खिशात कोंबला आणि म्हणालो, "चल, आता बघतो एकेकाला."

हे मी इतकं बारीक सांगतोय, कारण पुढच्या अर्ध्या तासात हे सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं.

मांडवात परत आलो तेव्हा गर्दी खवळली होती. प्रमुख पाहुण्यांचा अपमान झाला, असं वस्ताद ओरडत होते. दुसरा आलेला गडी कमानीखाली थांबला होता, दुसऱ्या पंचाकडे नंबर देऊन, हार घालून. मी सरळ व्यासपीठावर चढलो आणि सुरुवात केली. सहाशे चाळीस मीटर. मांडव. मुतारी. व्याही. रांगोळी. म्हशी. ठेकेदारीत दिलेल्या खोट्या मापांबद्दलही बोललो, त्याचा इथे संबंध नव्हता. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं आणि समोर ध्वनिक्षेपक होता.

अध्यक्ष खालच्या आवाजात बोलत होते. ते खालच्या आवाजात बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. "ओव्हरसिअर, पाहुणं बसल्यात. मिटवा. त्यो पयला आलाय हे समद्यांनी बगितलंय. नंबर कुठाय त्येचा?"

मी म्हणालो, अंतराचं बोला.

"अंतराचं मागनं बगू. सातवा नियम तुमीच लिव्हलाय. त्येनं नंबर कुणाकडं दिलाय? नंबर दावा, कप देतो, कागद देतो, विषय संपला."

त्या तरुणाने खांद्यावर टॉवेल घेतला होता. तो माझ्यामागे उभा होता, अजून धापा टाकत होता. त्याने माझ्या कोपराला हात लावला. "सायेब, नंबर..."

मी कोपर झटकलं. "तू गप बस. मी बोलतोय ना!"

अध्यक्षांनी तिसऱ्यांदा विचारलं, "नंबर कुठाय?"

आणि मी, पंच, नियम लिहिणारा, शेपाचशे माणसांसमोर ध्वनिक्षेपकात ओरडलो, "नंबर गेला चुलीत! अंतर किती ते सांगा आधी!"

त्यानंतर अध्यक्षांनी मान हलवली, माझ्यासमोरून ध्वनिक्षेपक उचलून नेला आणि सातवा नियम वाचून दाखवला. क्रमांक पंचाच्या हातात न पडल्यामुळे सतरा नंबरचा स्पर्धक बाद. कप दुसऱ्याला गेला. मी व्यासपीठावरून उतरलो तो सरळ घरी आलो. आपण खरं बोललो आणि ते सगळ्यांच्या तोंडावर बोललो, या समाधानात मी तांबडा-पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला. तो तरुण कधी आणि कसा घरी गेला, ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी बायको कपडे भिजवायला घेऊन बसली होती. ती मोरीतून बाहेर आली, हातात एक चुरगळलेलं कापड. "अहो, हे काय तुमच्या खिशात? सतरा लिहिलंय."

मी कापडाकडे बघत राहिलो. ती परत म्हणाली, "धुवायचं का?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिस उघडायच्या आधी मी अध्यक्षांच्या दारात होतो. क्रमांक टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. मी आयुष्यात त्या माणसाशी इतकं हळू कधी बोललो नव्हतो. त्यांनी कापड उलटंपालटं करून बघितलं.

"आता काय करू ह्येचं?" ते म्हणाले. "निकाल पेपरात गेलाय. दुसऱ्याच्या घरात कप ठेवलाय, त्येची आई हळदीकुंकू लावून बसलीया. मी तीनदा इचारलं की तुमास्नी."

मी म्हणालो, पुन्हा एकदा विचार करा, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.

"व्हय, व्हय," अध्यक्ष म्हणाले.

त्या माणसाबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्याने माणूस धाडला नाही, अंतर चोरलं, आणि सगळ्या प्रमाणपत्रांवर 'मोजलेले पूर्ण अंतर' असं छापून दुसऱ्याच कुणाची सही घेतली. रुग्णवाहिका मात्र आली. तिच्या दोन्ही बाजूंना त्याचं नाव होतं आणि ती पावसात गगनबावड्याच्या रस्त्याने जाताना मी पाहिली आहे. ती पाहिली की मी त्याला शिव्या देतो. पण त्या दिवशी व्यासपीठावर तो मिटवायला तयार होता आणि मी नव्हतो, हे मला कुणाला शिव्या देऊन खोडता आलेलं नाही.

ऑफिसातून निघालो तो तसाच त्या तरुणाच्या घरी गेलो. कामावर जायची वेळ होती, तो दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. आत त्याचे वडील खोकत होते. खोकला थांबेपर्यंत मी उभा राहिलो. मग क्रमांक त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, "माझ्या खिशात होता. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"मग ओरडून का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर?"

"तुमी गप म्हणालासा."

मी क्रमांक तसाच पुढे धरून उभा होतो. हात दुखायला लागला तरी त्याने तो घेतला नाही. दुसऱ्या बुटाची नाडी बांधून झाली, डबा उचलला आणि तो उठला.

"ठेवा तुमच्याकडंच, सायेब," म्हणाला. "नियमात तसंच हाय की. पंचाच्या हातात द्यायचा. म्या दिलाय."

आणि तो शिरोलीच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी तो पळत गेला नाही, चालत गेला.